नऊ म्हणजे उत्तर नाही

यंत्र एका वेळी सातच कागद खायचं. आठवा सरकवला की घरघरून बंद पडायचं, आणि मग ते गार होईपर्यंत दहा मिनिटं हात बांधून उभं राहावं लागायचं. नऊकाकांनी मोजून सात कागद घेतले, टाचण्या उपटल्या, वाटीत टाकल्या. सकाळपासून वाटी दोनदा भरली होती. मुदत संपलेल्या प्रश्नावल्या आज यंत्रात कापून नष्ट करायच्या होत्या. कपाट रिकामं करून मॅडमच्या नव्या संशोधनाला द्यायचं होतं.

पुढचा गठ्ठा उघडला. सहा वर्षांपूर्वीचा. दोनशे बारा कंपन्या. सगळ्यात वरच्या फॉर्मवर चौदाव्या प्रश्नापुढे काहीच खूण नव्हती, आणि उजव्या समासात, ‘कार्यालयीन वापरासाठी’ या रकान्यात, लाल पेन्सिलीनं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ९.

बरोबर होतं. उत्तर नाही, म्हणून नऊ.

मग त्यांची नजर प्रश्नाखालच्या छापील पट्टीवर गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. ती पाचावर थांबत नव्हती. दहापर्यंत जात होती.

त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं.

*

सूचना : १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे पूर्णपणे. एकही चौकट रिकामी ठेवू नये.

प्रश्न १. तुम्ही या संस्थेत किती काळ काम करत आहात?

बावीस वर्षं. किंवा अकरा महिने, चोवीस वेळा. दर अकरा महिन्यांनी नेमणूक संपते, एक दिवस घरी बसायचं, दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर नव्यानं रुजू व्हायचं. त्या एका दिवसाला बायको ‘तुमची सुटका’ म्हणते. त्या दिवशी काका घरातले चमचे लावून ठेवतात.

काम सोपं. कोणती कंपनी का चालते आणि कोणती का बुडते, यावर संस्थेत संशोधन होतं. व्यवस्थापकांना प्रश्नावल्या जातात, भरून परत येतात, आणि कुणीतरी त्या वाचून एकेक उत्तर संगणकात आकडा म्हणून चढवावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे काका.

रुजू झाले तेव्हा मॅडम स्वतः तरुण होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “रिकामी चौकट मला चालणार नाही हं. संगणक अडतो. उत्तर नसेल तिथे नऊ टाकायचा. आपली पट्टी एक ते पाच, त्यामुळे नऊ कधी उत्तराशी गल्लत करणार नाही.”

काकांनी तो नऊ असा पाळला की नावच पडलं.

“नऊकाका, मुलं किती?”

“नऊ.”

“अहो, काय सांगता!”

“म्हणजे माहिती उपलब्ध नाही.”

हा विनोद चहाच्या टेबलावर बावीस वर्षं चालला. मूल झालं नाही, हे टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रश्न २. तुमच्या कामाचा परिणाम तुम्हाला दिसतो का?

दिसतो. जिन्यावरून वर आलं की समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेला आहे. आलेख. तळाशी ‘कामगाराच्या कामाची मोजणी’, उभ्या बाजूला ‘कंपनीचा नफा’, आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक रेघ. जितकी मोजणी जास्त, तितका नफा जास्त. या रेघेनं मॅडमना पारितोषिक मिळालं, परदेशातली व्याख्यानं मिळाली. सल्लागार कंपन्यांनी ती रेघ उचलली आणि कारखान्या-कारखान्यांतून दाखवली.

आज काका तिच्यासमोर पहिल्यांदा थांबले. ठिपके सगळीकडे विखुरलेले होते, कसेही, सांडलेल्या मोहरीसारखे. फक्त एका जागी त्यांचा दाट पुंजका झाला होता, वर, उजवीकडे. त्याच पुंजक्यानं रेघेचं टोक वर ओढून धरलं होतं.

पुंजक्याखाली आकडा होता ९.

चौदावा प्रश्न असा होता : ‘तुमच्याकडे कामगाराचं काम किती वेळा मोजलं जातं?’ त्या एकाच वर्षी पट्टी दहाची केली होती. मोठ्या, भरल्या पोटाच्या कंपन्यांनी उत्तर द्यायची तसदीच घेतली नव्हती. त्या साऱ्या गप्प कंपन्यांना काकांनी सवयीनं, नीटस अक्षरात, एकेक नऊ दिला होता. दहापैकी नऊ.

खाली येऊन त्यांनी गठ्ठा पुन्हा पाहिला. कोरे फॉर्म एकसष्ट. खरोखर नऊवर खूण केलेले दोन.

प्रश्न ३. तुमच्या कामाचा तुमच्या कुटुंबाला उपयोग होतो का?

बायको औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरते. मागच्या वर्षी तिच्या मनगटावर पट्टा आला. एका तासात किती खोकी, ते पट्टा मोजतो. वेग उतरला की थरथरतो. तिसऱ्यांदा थरथरला की वरच्या काचेमागे बसलेल्या बाईला कळतं.

पट्टा आला त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, “एक टायवाला आला होता. पडद्यावर रेघ दाखवली त्यानं. अशी चढती. म्हणाला, हे सिद्ध झालंय.”

काकांनी ताट बाजूला सारलं होतं. “अगं, ती आमच्या मॅडमची रेघ! त्यातला आकडान् आकडा मी भरलाय.”

“तुम्ही?”

“मग!”

“मग तुमच्या मॅडमना एक सांगा. चार मिनिटांत संडासला जाऊन येता येत नाही. माझ्या गुडघ्यांना तर नाहीच.”

तेव्हापासून ती दुपारी पाणी पीत नाही. यंदा दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप चढला. घरी आल्यावर पट्टा काढून ठेवते, तरी मनगट मधूनच आपोआप दचकतं. ताटात वाढताना, वेणी घालताना, झोपेत.

छाती फुगवून सांगितलेलं ते ‘मग!’ काकांना आज यंत्राजवळ उभं असताना आठवलं.

प्रश्न ४ ते ६. लागू नाहीत.

प्रश्न ७. तुमचे वरिष्ठ तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?

“या काका. झाले का कागद?”

“नाही मॅडम. जरा दाखवायचं होतं.”

त्यांनी तीन फॉर्म टेबलावर ठेवले. मॅडमनी पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला हात लावला नाही. चष्मा काढला.

“किती आहेत असे?”

“एकसष्ट.”

“मोजलेत?”

“सवय आहे.”

मॅडमनी संगणकावर जुनी फाइल उघडली. “क्रमांक वाचा.” काका खिशातल्या यादीवरून वाचत गेले, त्या एकेक नऊ पुसत गेल्या. सात. बारा. तेरा. एकोणीस. बावीस वर्षांत दोघांनी इतका वेळ एकत्र काम केलं नव्हतं. शेवटचा क्रमांक झाला. मॅडमनी एक कळ दाबली.

रेघ झोपली. साफ आडवी. टेबलावर ठेवलेल्या पेन्सिलीसारखी.

मॅडमनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. “बसा काका.”

या खोलीत ते आजवर बसले नव्हते. खुर्ची अपेक्षेपेक्षा मऊ निघाली, आणि ते खाली गेले.

“आकडेमोड करणाऱ्या सरांनी बघायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. “मी बघायला हवं होतं.”

“मी सांगायला हवं होतं. पट्टी बदलली होती.”

“चारशे ठिकाणी या निष्कर्षाचा उल्लेख आहे. पुस्तकांत आलाय. मी आता मागे घेतला तर पहिला प्रश्न काय येईल? नोंद कुणी केली.”

“मी.”

“तेच म्हणतेय.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “तुम्हाला कायम करण्याची फाइल वर गेलीय. सोमवारी सही व्हायची आहे. चार वर्षं कायम नोकरी, पुढे निवृत्तिवेतन. मी तीन वर्षं मागे लागलेय त्यासाठी. हे मी धमकी म्हणून सांगत नाहीये, काका.”

“नाही, मॅडम.”

“मलाही दीडच वर्ष राहिलंय.”

बाहेर कुणीतरी जिन्यावर हसलं.

“माझी बायको,” काका म्हणाले, आणि थांबले. पट्टा, पाणी, चार मिनिटं. यातलं आधी काय सांगायचं ते त्यांना ठरवता येईना.

“बऱ्या आहेत ना त्या?”

“आहे.”

“कागद आज नष्ट करायचे होते, नाही का?”

“हो.”

“मी तुम्हाला काही सांगत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. मग अगदी हळू, “काहीच सांगत नाहीये.”

उत्तर : ९.

प्रश्न ८. तुम्ही कामात स्वतः निर्णय घेऊ शकता का?

सात कागद. सात कागद. सात कागद. मग घाईत आठवा गेला आणि यंत्र बंद पडलं.

दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत काकांच्या हातात उरलेले कोरे फॉर्म होते. ते पिशवीत टाकून घरी नेता आले असते. कुणाला तरी पाठवता आले असते. कुणाला, ते सुचेना. सोमवार आठवला. बायकोचे गुडघे आठवले. कायम झाल्यावर तिला म्हणता येईल, सोड ती नोकरी, आता गरज नाही. म्हणजे तिच्या हातातला पट्टा काढायचा तर हे कागद जायला हवेत. आणि हे कागद गेले की पट्टा इतर सगळ्याजणींच्या हातात राहणार, सिद्ध झालेला.

त्यांनी हे दोनदा सरळ आणि एकदा उलट मांडून पाहिलं.

यंत्राचा हिरवा दिवा लागला.

वाटी तिसऱ्यांदा भरली.

*

“माझ्यामुळे आलाय तो पट्टा,” घरी आल्यावर काका म्हणाले.

बायको पाय शेकत बसली होती. हसली. “तुमच्यामुळे? अहो, तुमच्यामुळे घरातला पंखा दुरुस्त होत नाही.”

त्यांनी सांगितलं. नऊ, दहाची पट्टी, झोपलेली रेघ, मऊ खुर्ची, यंत्र. सांगून संपेपर्यंत शेकायच्या पिशवीतलं पाणी निवलं.

“कागद गेले सगळे?”

“सगळे.”

“आणि तुम्ही कायम.”

“सोमवारी. मग तू सोडून दे तिथलं.”

“मी सोडेन हो. माझ्या शेजारची कशी सोडेल? तिची तीन लेकरं आहेत.” तिनं पाय जमिनीवर ठेवले. “ते कपाटावरचं घ्या जरा. आज कामावर वाटलंय. उद्या भरून द्यायचंय, तुम्ही त्यातले आहात.”

कारखान्याचा फॉर्म होता. वर तिचा क्रमांक छापलेला. सगळ्या खुणा तिनं केल्या होत्या; उपाहारगृह, दिवे, गणवेश. शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता : ‘कामाच्या मोजणीबाबत तुम्ही किती समाधानी आहात?’ खाली पट्टी. एक ते दहा.

“एकावर खूण केली तर काचेमागची बोलावणार,” ती म्हणाली. “दहावर करायला माझा हात उठत नाही. मी ठेवते तसंच. रिकामं. त्यांना काय कळायचं ते कळू दे.”

“रिकामं नको ठेवू.”

“का?”

काकांनी उजव्या समासातला अरुंद रकाना बोटानं दाखवला. ‘कार्यालयीन वापरासाठी’. तिथे लाल पेन्सिल घेऊन बसलेला माणूस त्यांना स्वच्छ दिसत होता. नीटस अक्षराचा, पाळीव, बिनचूक.

बायकोनं रकाना पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “लिहा मग. तुमच्या हातानं.”

काकांनी पेन उघडलं. आकडा नाही, अक्षरं काढायला लागले. मोठी, शाळेत पाटीवर काढायचे तशी.

“एवढं मोठं कशाला?”

“जागा उरू नये म्हणून.”

‘उत्तर’ हा शब्द पट्टीवरच संपला. ‘दिलेलं’ समासात शिरलं. ‘नाही’ त्या अरुंद रकान्यात मावेना, म्हणून त्यांनी तो आडवा, कागदाच्या कडेपर्यंत ओढत नेला, आणि तिचं दचकणारं मनगट डाव्या हातात धरून शाई वाळेपर्यंत तसेच बसून राहिले.