समन्स चुकवणारं घर

बेल वाजली की नवरा बाथरूममध्ये शिरायचा आणि नळ सोडायचा. मग सासूबाई दार किलकिलं करून सांगायच्या, की मुलगा परगावी गेलाय, कधी येईल सांगता येत नाही. आत नळ धो धो वाहतोय आणि दारात कोर्टाचा बेलीफ घाम पुसत उभा. तो काही दूधखुळा नव्हता. पण काय करणार, हातातल्या कागदावर काहीतरी खरडून जिना उतरायचा. मागे मायलेकांच्या चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही किल्ला राखला. सुनेचं डोकं तिथेच फिरायचं.

दावा होता तिच्या झेरॉक्सच्या मशीनच्या कर्जाचा. मशीन ती चालवायची, नखांत काळी पूड तिच्या, पाठ दुखायची तिची. पण घेताना नाव नवऱ्याचं लावलं, कारण बाईमाणसाच्या नावावर कशाला भानगड. हप्ते भरायचं एवढं एकच काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. ती पैसे द्यायची, आणि हा पठ्ठ्या "भरतो, भरतो" म्हणत ते एका मित्राच्या धंद्यात घालून बसला. मित्र बुडाला, पैसेही बुडाले. कर्ज देणारी कंपनी कोर्टात गेली.

तिच्या दुकानात प्रती काढायला एका वकिलाचा कारकून यायचा. त्याने समजावलं होतं, की समन्स नाकारलं तरी ते पोचलं असंच धरतात. तारखेला कोणी गेलं नाही तर निकाल एकतर्फी लागतो आणि मशीन उचलून नेतात. गेलं तर निदान मुदत मागता येते. हे तिने घरी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. नवरा म्हणाला, कागद हातातच घेतला नाही तर खटला कसला? सासूबाईंनी मान डोलावली. या दोघांपेक्षा भिंत बरी, ती निदान उलट बोलत नाही.

पुढच्या खेपेला बेल वाजली तशी सासूबाईंच्या आधी तीच दाराशी पोचली. घरातल्या दुसऱ्या कोणी समन्स घेतलं तर चालतं का, विचारलं. बेलीफ चालतं म्हणाला. तिने सही ठोकली. नवरा ओल्या पायांनी बाहेर आला आणि तिनेच घर बुडवल्यासारखा ओरडायला लागला. तारखेला येणार का, एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, तिथे ओळखीचे लोक भेटतात, त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहू?

"लाज तुमची," ती म्हणाली, "पण मशीन माझं जातंय."

तारखेला ती एकटीच गेली. शिपायाने नवऱ्याचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदाही कोणी पुढे आलं नाही, तेव्हा तीच उठली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही कोण? रडू येईल अशी तिला भीती होती. आला तो संताप.

"मी बायको. मशीन मी चालवते, पैसे मी कमावते. मॅडम, हे कर्ज माझ्या नावावर करता येईल का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कर्ज मागून अंगावर घेणारी बाई त्या खोलीत बहुधा कोणी पाहिली नसावी. कंपनीच्या वकिलाला मात्र पैशांशी मतलब; त्याने बाहेर जाऊन फोन लावला. ठरलं ते असं, की थकलेल्या रकमेचे नवे हप्ते तिच्या नावाने बांधायचे, आणि मशीनही तिच्याच नावावर करायचं. फक्त नवऱ्याची संमतीची सही हवी.

संध्याकाळी तिने मसुदा त्याच्यापुढे ठेवला. कर्ज अंगावरून उतरलं म्हणून तो आधी खुलला, मग पुढचं वाचून त्याचा चेहरा पडला.

"मशीन तुझ्या नावावर? मला न विचारता?"

"तीन वेळा पुकारलं तुम्हाला," ती म्हणाली. "मी दाराकडे बघत बसले होते. वाटलं, आता तरी याल."

तिने पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.