मालनबाईची शंभर दाण्यांची गोणी

मी एक जुनी गोणी आहे. गोणी म्हणायचं ते आपलं मानासाठी, खरं तर मी उसवून पसरलेला तरटाचा तुकडा आहे. चौसाळ्याजवळच्या एका वस्तीवर, मालनबाईच्या घरात, दाराआडच्या खुंटीला मी लटकते. मित्रांनो, माझी गोष्ट गोड सुरू होते, कारण मी साखरेची गोणी होते. शेवट मात्र गोड नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

सहकारी कारखान्याची साखर पोटात घेऊन मी गावच्या सोसायटीत आले. साखर संपल्यावर कुणी माझ्यात धान्य भरलं, कुणी गवऱ्या. मुंग्या बिचाऱ्या वर्षभर आशेने फिरत राहिल्या. शेवटी मालनबाईने मला उसवलं, स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि खऱ्या कामाला लावलं.

मालनबाईकडे तिच्या आईचं ज्वारीचं बी होतं. आईने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सरकारने वाटलेल्या सुकडीवर लेकरं जगवली, पण त्या बियाला हात लावला नाही. लग्नात तिने ते लेकीच्या पदराला बांधून दिलं. दर सुगीला मालनबाई भरदार कणसं निवडायची आणि त्यांची जुडी चुलीच्या वर, आढ्याला टांगायची. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे.

पेरणीच्या आठवडाभर आधी माझी पाळी यायची. मला भिजवून ती अंगणात पसरायची. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, शंभर दाणे, प्रत्येकात बोटभर अंतर. मग अलगद गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची. पाचव्या दिवशी उलगडून मोजायची. सत्तरच्या वर मोड आले तर खुशाल पेरा. पन्नास-साठ आले तर तिफणीच्या चाड्यावरची मूठ थोडी सैल सोडा, म्हणजे बी दाट पडेल. त्याहून कमी असतील तर ते बी नव्हे, नुसतं धान्य. आईच्या बियाचे नव्वदाच्या खाली कधी आले नाहीत. ते पांढरे कोंब माझ्या अंगातून वर यायचे तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला सांगू.

माझा बोलबाला झाला. ज्यांच्या घरच्यांचं पाऊल पूर्वी आमच्या अंगणाला लागत नव्हतं, ते सोसायटीचे चेअरमन अर्जुनरावही बियाची पुडी घेऊन आले. म्हणाले, "मालनबाई, तुमी मोजल्याबिगर आमी पेरत न्हाई." मालनबाई त्या दिवशी उगीचच दोनदा अंगण झाडत होती.

मग पावसाने पाठ फिरवली. त्या साली रब्बी पेरलीच गेली नाही. घरोघरी डबे रिकामे झाले आणि लोकांची नजर आढ्याकडे वळू लागली. तेव्हा सोसायटीच्या बैठकीत मालनबाईच उठली.

"घरात ठिवलं तर पोटाला लागंल. सगळ्यांचं बी गोदामात ठिवू. कुलपात ऱ्हाईल तर वाचंल."

शेजारची केशरबाई म्हणाली, "अक्का, एक जुडी तरी घरी ऱ्हाऊ दी की."

"एकीनं ठिवलं की दुसरी ठिवती, केशर," मालनबाई म्हणाली आणि घरी येऊन तिने सगळ्यात आधी स्वतःचं आढं मोकळं केलं. तिचा शब्द होता, म्हणून वस्तीने ऐकलं. एकाही घरात मूठभर बी उरलं नाही.

गोदामाला पत्र्याचं छप्पर होतं आणि भिंतीला खताच्या ओलसर थप्प्या. बी तिथे अख्खा उन्हाळा भाजत राहिलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. बी हा जिवंत जीव आहे, त्याला गारवा आणि कोरडेपणा लागतो, एवढंच सगळे विसरले.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात बियाची पोती घरी आली. मालनबाईने मला खुंटीवरून काढलं, शंभर दाणे मोजले. मग घागरीत डोकावली. टँकर आठ दिवसांनी यायचा. तांब्या हातात धरून ती बराच वेळ बसली.

"मपल्या मायचं बी हाय," ती केशरबाईला म्हणाली. "त्यानं कवा दगा दिला न्हाई. कावून पाणी घालवू?"

आणि तिने मला कोरडंच परत टांगलं. अक्काने तपासलं नाही म्हणजे गरजच नसणार, असं म्हणून बाकीच्यांनीही तपासलं नाही. मला तोंड असतं तर ओरडले असते. पण गोणीला तोंड असतं ते भरण्यापुरतं.

आठवड्याने पाऊस आला. एकच, पण चांगला. वस्तीभर तिफणी चालल्या. पाचव्या दिवशी बाया बांधावर गेल्या. आठव्या दिवशी पुन्हा गेल्या. रान काळंच्या काळं होतं, एक कोंब वर आला नव्हता. नवं बियाणं आणेपर्यंत ओल उडून गेली आणि पाऊस परत आला नाही.

मग मालनबाईने पोत्याच्या तळाचे दाणे गोळा केले आणि मला भिजवलं. आता पाण्याचा विचार केला नाही. पाचव्या दिवशी तिने मला उलगडलं. अंगावर शंभर दाणे जसेच्या तसे होते, त्यांवर बुरशी. तरी तिने ते बोट लावून मोजले, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

केशरबाई जवळ येऊन बसली. "अक्का, आमी बी आमच्याच हातानं दिलं की."

"तू एक जुडी मागितलीती, केशर," मालनबाई म्हणाली. "म्या ठिवू दिली न्हाई."

त्याला आता तीन वर्षं झाली. दुकानाचं बी दरसाल नवं येतं, पिशवीवर सगळं छापलेलं असतं, मला कुणी विचारत नाही. मित्रांनो, बी कितीही विश्वासाचं असलं, कुणाच्याही आईचं असलं, तरी पेरण्याआधी शंभर दाणे भिजवून बघा. आणि सगळं एका कुलपात ठेवू नका. एक जुडी आढ्याला राहू द्या.

त्या दिवशी वाचवलेलं तांब्याभर पाणी पुढे कुणी प्यायलं, हे मालनबाई अजून आठवून बघते. तिला आठवत नाही.