सज्ज्याखालची तुळई

रंगाखाली काय आहे ते विचारायचं नाही, असं सगळ्या घरांत न बोलता ठरलेलं असतं. आमच्या गावातही ठरलेलं होतं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठचं हे नॉर्वेतलं गाव वर्षातला निम्मा काळ पावसात भिजतं, आणि घरं सगळी लाकडाची. म्हणजे कुजणं कुणालाच चुकलेलं नाही. तरी कुजलेलं दाखवायची लाज! रस्त्याकडची भिंत पांढरीशुभ्र, मागची लाल. एके काळी पांढरा रंग महाग होता, म्हणून तो पुढच्या भिंतीपुरताच आणत. आता तो कुणालाही परवडतो. मागची भिंत मात्र लालच राहिली, आणि तिकडे फिरकत कुणी नाही.

सतरा मे हा राष्ट्रीय सण. त्याच्या आधीच्या शनिवारी गावकीचं काम असतं, त्याला आम्ही डुग्नाद म्हणतो. सगळ्यांनी मिळून ग्रामघर रंगवायचं, गरम वाफलवर तपकिरी चीज ठेवून खायचं, ‘आपले वाडवडील असेच एकत्र राबायचे’ म्हणत डोळे ओले करायचे आणि घरी जायचं.

त्या शनिवारी सिग्वे शिडीवर चढून ग्रामघराच्या सज्ज्याखालचा जुना रंग खरवडत होता. हा सज्जा त्याच्या बापाने, होड्या बांधणाऱ्या गुनवाल्डने बांधलेला. दर सतरा मेला शाळेतली पोरं त्यावर उभी राहून बँड वाजवत. बापाच्या अंगरख्याला येणारा डांबराचा वास, रंध्यातून निघून जमिनीवर लोळणारे लाकडाचे पापुद्रे, हे सगळं सिग्वेला सज्ज्याकडे बघितलं की आठवायचं. बापाची गावात राहिलेली खूण तेवढीच.

खरवडता खरवडता पातं तुळईत घुसलं. मुठीपर्यंत! आतून ओल्या भुशासारखा चुरा गळला आणि अळंब्यांचा वास आला.

सिग्वेने खाली बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

“ह्याल्मार, लांबीचा डबा दे रे वर! चीर बुजवायचीय.”

“एवढ्याशा चिरेला अख्खा डबा?” खाली वाफल खात उभा असलेला ह्याल्मार तोंडातला घास सावरत म्हणाला. “का त्यात वाफल भरतोयस?”

सगळे हसले. सिग्वेही हसला, आणि भोकात लांबी थापू लागला. वाचकहो, त्याला नावं ठेवू नका. तुम्ही-मी हेच केलं असतं. करतोच आहोत.

“सिग्वे, खाली उतर.”

शिडीपाशी ओड्नी आत्या उभी होती, गुनवाल्डची धाकटी बहीण. गावच्या शाळेत तिने सुतारकाम शिकवलं. मुली असोत की मुलगे, रंधा धरायला सगळे तिच्याकडेच शिकले.

“काय भरतोयस?”

“काही नाही गं आत्या, चीर आहे.”

“चिरेतून असा चुरा पडतो? माझ्या केसांत बघ किती पडलाय.”

सिग्वे उतरला. आवाज खाली आणून म्हणाला, “यंदापुरतं जाऊ दे ना. सण तोंडावर आलाय. पावसाळ्याआधी बघू.”

“म्हणजे पोरं त्यावर उभी राहून, नाचून झाल्यावर? का पडल्यावर?”

“आत्या!”

“आत्या काय? पातं कुठवर गेलं ते सांग.”

तो एकदम उसळला, “बाबांचा सज्जा आहे तो! त्यांच्या हातचं एवढंच उरलंय. त्यावर मी करवत चालवू? सगळ्या गावासमोर?”

आत्याने त्याच्याकडे टक लावून बघितलं. “तुला सगळ्यात जास्त आठवणारा सतरा मे कुठला रे?”

“आता हे काय मध्येच?”

“सांग तर.”

सिग्वेला आठवायला वेळ लागला नाही. “मी लहान होतो. बँड गवतावर उभा होता. तुतारी माझ्या कानापाशीच, मी कानांत बोटं घातलेली. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. तसा दिवस पुन्हा आला नाही.”

“आणि बँड गवतावर का होता?”

सिग्वेने मान वर करून सज्ज्याकडे बघितलं.

“कारण सज्जा जागेवर नव्हता, बाळा! तुझ्या बापाने तो उतरवून अंगणात ठेवला होता. गाव चिडलं होतं, ऐन सणाला घराची शोभा घालवली म्हणून. तो म्हणाला, शोभा पुढच्या वर्षी बघा. जा, ती तुळई जरा आणखी खरवड.”

सिग्वे चढला. रंगाचे थर एवढे जाड, की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. त्याखाली तुळईत तिरका सांधा दिसला. बापाने जुन्या लाकडाला नवं जोडलेलं, अजून घट्ट. आता कुजलं होतं ते सांध्याच्या पलीकडे.

“तेव्हा रंगाच्या आधी प्रत्येकाच्या हातात टोच्या असायचा,” खालून आत्या म्हणाली, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “एकेक लाकूड टोचून बघायचं, मऊ लागलं की कापायचं, आणि मग रंग! तुम्ही काय ठेवलंत त्यातलं? वाफल ठेवलेत! वाडवडिलांच्या नावाने रडता आणि त्यांचं कामच तेवढं विसरता!”

ह्याल्मारने बशी खाली ठेवली.

“आत्या, पण शेजारच्या गावचे पाहुणे येतील. काय म्हणतील?” सिग्वे शिडीवरून म्हणाला.

“म्हणू देत! पोरगं खाली पडलं तर काय म्हणतील, ते आधी सांग.”

सिग्वेने भरलेली लांबी बोटाने उकरून काढली आणि ओरडला, “ह्याल्मार, टेकू लाव! आणि करवत आण!”

दिवस कलला तेव्हा सज्जा अंगणात होता. तुळईचं टोक नुसत्या हाताने कुस्करलं जात होतं. बँडमधल्या पोरांच्या आया ते बघून पांढऱ्याफटक पडल्या. मग गाव मागच्या लाल भिंतीकडेही गेलं, टोच्या घेऊन. तिथे काय निघालं ते सांगत नाही. तुमच्या मागच्या भिंतीतही तेच आहे.

सतरा मेला पांढऱ्या भिंतीला सज्ज्याच्या जागी दोन उघडी भोकं होती. पाहुणे हसले. बँड गवतावर उभा राहिला, तुतारी वाजली, आणि अगदी पुढे उभ्या असलेल्या एका चिमुरडीने कानांत बोटं घातली. सिग्वेने तिला बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. उन्हाळाभर तो त्या तुळईला झाडाच्या गाभ्याचं टिकाऊ लाकूड जोडत बसला, बापाच्या सांध्याला लागून. अंगरख्याला डांबराचा वास चिकटला. तो त्याने धुतला नाही.

लोकहो, जुन्या दिवसांवर प्रेम असेल तर त्यांचा नुसता रंग उचलू नका. आपल्या बापजाद्यांचं काही कुजत नव्हतं असं नाही. ते कापायला लाजत नव्हते. घर असो, गाव असो, घराणं असो, आधी टोचून बघा. कुजलेलं झाकणारा पूर्वजांचा मान राखत नाही, तो त्यांच्या नातवंडांना पोकळ सज्ज्यावर उभं करतो!