बांधाच्या खिंडीतली तिसरी फळी

मी एक जुनी ओकच्या लाकडाची फळी आहे, मित्रांनो. आमच्या क्लाइनवार्ड गावच्या समुद्रबांधात गाडीरस्त्यापुरती खिंड ठेवली आहे. बंदरातल्या मासळीच्या गाड्या तिथून यायच्या. बंदर गाळाने भरलं, गाड्या गेल्या, आता मेंढ्या ये-जा करतात. समुद्र चढला की खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या विटांच्या खांबांमधल्या खाचांत आम्हा फळ्यांना एकीवर एक सोडायचं. पुढे एक रांग, मागे एक, आणि मधल्या फटीत घोड्याची लीद ठासायची. एवढंच आमचं काम. ते कधी दहा वर्षं पडत नाही, आणि पडलं की क्षणाचीही सवड नसते.

खांब बांधणाऱ्या गवंड्याचा हात वाकडा. खिंड खाली अरुंद, वर रुंद झाली. म्हणून सुताराने प्रत्येक फळी तिच्या जागेच्या मापाने कापली. मी पुढच्या रांगेतली, खालून तिसरी. माझ्या जागी दुसरी कोणी बसत नाही.

गावात घरं मूठभर, पण चर्च दोन. स्तोत्रं कोणत्या चालीवर म्हणायची यावरून आजोबा-पणजोबा भांडले. तेव्हापासून मोठ्या चर्चची माणसं धाकट्या चर्चच्या पाववाल्याचा पाव खात नाहीत. पुढची रांग मोठ्यांनी लावायची, मागची धाकट्यांनी. पाणी दोघांनाही सारखंच बुडवतं, हे सांगायला आम्हाला तोंड नाही.

एका उन्हाळ्यात शिंपल्यांच्या जत्रेला बाकं कमी पडली. धाकट्या चर्चच्या कोबाबाईने मला फळ्यांच्या कोठारातून उचलून नेलं. जत्रा संपली, तरी मी तिच्याच दारात, विटांवर आडवी, अंगावर फुलांच्या कुंड्या. येणारेजाणारे म्हणायचे, "काय सुरेख बाक आहे गं!" असलं कौतुक घेऊन काय करू? उन्हाने माझी पाठ वाकत होती.

बांधाचा राखणदार क्राइन मोठ्या चर्चचा. रोज सायकलवरून जाताना तो मला बघायचा. ओळखायचासुद्धा! पण मला मागायचं म्हणजे आधी कोबाशी बोलणं आलं. तो नाक वर करून निघून जायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

नोव्हेंबरात वायव्येचा वारा सुटला. भर दुपारी धोक्याची घंटा वाजली. पुढच्या रांगेत दोन फळ्या बसल्या, तिसरी नाही. चौथी वरच अडकली आणि तिच्याखालून पाणी आत यायला लागलं. तेव्हा कुठे क्राइन कोबाच्या दारात आला.

"फळी दे."

"सगळा उन्हाळा बघत होतास. तेव्हा दातखीळ बसली होती का?"

"नेताना तू विचारलं होतंस?"

"तुला विचारू? आमचा पाव तुम्हाला चालत नाही, आणि मी तुला विचारू?"

"अगं बाई, पाणी शिरतंय! पावाचं नंतर बघू!"

कोबाने एका हाताने कुंड्या लोटून दिल्या. माझं एक टोक तिने धरलं, दुसरं त्याने, आणि दोघं पळत सुटली. चौथी वर काढून मला सोडलं, पण मी वाकलेली, खाचेत शिरेना. लाकडी मोगऱ्यांनी ठोकलं तेव्हा माझी कड फाटली आणि मी कशीबशी बसले. फटीत कोबाने दोन्ही हातांनी लीद कोंबली. खिंड टिकली. तरी झिरपलेल्या पाण्याने खालच्या आळीतली घरं गुडघाभर भरली. त्यांत कोबाचंही होतं.

फाटलेली फळी पुन्हा लावता येत नाही. म्हणून माझा सन्मान झाला. रोगण लावून मला गावसभेच्या दालनात भिंतीवर टांगलं. खाली पितळी पाटी लावायची ठरली. तिच्यावर कोणत्या चर्चचं नाव आधी, यावर दोन बैठका झाल्या. नव्या फळीसाठी एकही नाही. सुताराला वसंतात सांगू म्हणतात.

मित्रांनो, उपयोगी पडलेल्या वस्तूला भिंतीवर चढवलं म्हणजे तिची काळजी घेतली असं होत नाही. तिची जागा रिकामी ठेवू नका. आत्ता डिसेंबर आहे. समोरच्या खिडकीतून मला खिंड दिसते, आणि वारा पुन्हा वायव्येकडून सुटला आहे.