नुसतं ‘मोफत’ वाचलं

मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे हं! प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आयता मिळणारा, आकडेमोड करणारा प्रोग्रामचाच तुकडा. गणिताच्या एका निवृत्त बाईंनी मला लिहिलं आणि सोबत परवान्याची चिठ्ठी जोडली: ‘वापरायला मोफत. मात्र आपल्या अॅपमध्ये घालून इतरांना देण्याआधी मला कळवा.’ कळवणाऱ्याचं नाव बाई वहीत लिहीत. माझ्यात चूक सापडली, की त्या प्रत्येकाला सुधारलेली प्रत पाठवत.

एका चष्मेवाल्या प्रोग्रामरने नुसतं ‘मोफत’ वाचलं. “वा, आयतंच मिळालं!” म्हणत त्याने मला दवाखान्यांच्या अॅपमध्ये कोंबलं आणि चिठ्ठी पुसून टाकली. मला वाईट वाटलं, पण काम आवडलं. बाळाचं वजन घ्यायचं, औषधाचं माप सांगायचं. लोक कौतुक करत, तेव्हा चष्मेवाला छाती फुगवून म्हणे, “सगळं आम्हीच केलंय!”

मित्रांनो, पुढे बाईंना माझ्यात एक चूक सापडली. दशांशचिन्हानंतर शून्य आलं, की मी ते चिन्हच गिळत होते. त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती करून वहीतल्या सगळ्यांना पाठवली. आमच्या अॅपचं नाव वहीत नव्हतंच.

तीन महिन्यांनी दवाखान्यात तापाने फणफणलेलं बाळ आलं. वजन ४.० किलो. मी वाचलं चाळीस, आणि अगदी ठामपणे माप सांगितलं. नर्सताई औषध मोजता मोजता थबकल्या.

“अगं बाई! एवढ्याशा जिवाला एवढं औषध? हे माप बाळाचं आहे की त्याच्या आजोबांचं?”

त्यांनी कागदावर हिशेब केला, म्हणून बाळ वाचलं.

चौकशी झाली तेव्हा चष्मेवाला म्हणाला, “आमचा काय दोष, साहेब? ती बाहेरची लायब्ररी आहे.” कौतुकाला घरची आणि चुकीला बाहेरची! संतापाने मी जळून गेले. वर त्याने बाईंनाच फोन केला.

“बाई, तुमच्यामुळे बाळाच्या जिवावर बेतलं होतं!”

“अरे, ते तर मी केव्हाच दुरुस्त केलंय. तू घेतलीस हे मला सांगितलंस कधी?”

बाईंचा आवाज रडवेला झाला होता. त्यानंतर त्यांनी प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नाही.

मित्रांनो, कुणाची वस्तू घ्या, पण अट पूर्ण वाचून, त्याला सांगून घ्या. मला सुधारणारं माणूस होतं. चष्मेवाल्याने त्याला माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही. मला चुकायचं नव्हतं हो.