एकट्या मोज्याचा खेळ

शेवटच्या साध्या दिवशी त्या घरात वाद चालला होता तो एका मोज्यावरून.

मोजा खरा नव्हता. टीव्हीच्या पडद्यावर होता, राखाडी, टाचेला भोक पडलेला, आणि एका अवाढव्य धुलाईखान्यात आपला हरवलेला जोडीदार शोधत हिंडत होता. कोरडा असला की हलका; लांब उडी मारायचा, पंख्याच्या झोतावर तरंगायचा. भिजला की जड. उडी कशीबशी बोटभर, पण भिंतीला चिकटून वर चढता यायचं. कधी भिजायचं आणि कधी वाळायचं, एवढंच त्या गेमचं गणित. दोघा जणांनी म्हणे आपल्या स्वयंपाकघरात बसून तीन वर्षांत तो बनवला होता. दुकानात मिळत नव्हता, डाउनलोडच करावा लागे. आणि पदरचे पैसे टाकून तो घ्यावा की नाही, हे वाचकांना सांगायचं काम तिचं होतं.

एका साप्ताहिकात ती गेमवर सदर लिहायची. सहा वर्षं झाली होती. लेखाच्या शेवटी तीनपैकी एक शिक्का असे: घ्या, थांबा, सोडा. कंट्रोलर मात्र तिच्या हातात नसे. तो बाबांच्या हातात असे, आणि तिच्या मांडीवर वही. ही त्या दोघांची पद्धत.

बाबांनी एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काढली होती. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आई गेली. मग ते दिवसभर खिडकीशी बसून खालच्या गाड्या मोजायचे. एकदा तिने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, खेळून बघा जरा, तेवढाच तुमचा वेळ जाईल. ते खेळले. वाईट खेळले, पण खेळता खेळता बोलले. एका गेममध्ये पावलोपावली नाणी आणि चांदण्या वेचायच्या होत्या, तर म्हणाले, "हे उचल, ते उचल. मी हमाल आहे का?" दुसरा एक भलता अवघड गेम होता, जरा चुकलं की पहिल्यापासून सुरुवात. त्यावर म्हणाले, "हा खेळ नाही, हा मेहुणा आहे. आपली चूक दाखवल्याशिवाय ह्याला जेवण जात नाही."

ते वाक्य तिने लेखात घातलं. वाचकांना ते इतकं आवडलं की पत्रांतून तिला ‘मेहुणेवाल्या बाई’ असं नावच पडलं. त्यानंतर दर आठवड्याला एखादं वाक्य वहीतून लेखात जायला लागलं, मग दोन, मग शिक्काही बाबा म्हणतील तोच. ती चिकार वाचणारी बाई. दुसऱ्याचं उचललेलं वाक्य तिला वासावरून ओळखू यायचं आणि अशा लेखकांची ती सालटी काढायची. पण हे काय, घरचंच तर होतं. घरातल्या डब्यातलं काही घेताना कुणी विचारतं का? बाबा सदर वाचत नसत. अक्षर बारीक, आणि लेकीच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्यांचं म्हणणं.

तर त्या दिवशी बाबांची तक्रार अशी की, ज्यांनी हा धुलाईखाना काढलाय ते आयुष्यात कधी धुलाईखान्यात गेलेले नाहीत. वाफ कुठे आहे? यंत्रांचा आवाज एवढासा? आणि माणूस एकही नाही, सगळं आपोआप धुतलं जातंय. "अंगाला पाणी न लावता आंघोळीचं कौतुक चाललंय," ते म्हणाले, आणि तिने ते लिहून घेतलं. तिचं म्हणणं, हा गमतीचा गेम आहे, त्यात मोजा चालतो, मग वाफ नसली तर कुठे बिघडलं. बाबा म्हणाले, मोज्याने चालायला माझी हरकत नाही, पण खरं चालावं.

मग ते वाळवणाच्या खोलीत पोचले. म्हणजे मोजा पोचला. पांढऱ्या चादरींच्या रांगाच रांगा, मागून येणारा उजेड, मोजा जवळून गेला की चादर जराशी हलायची. बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बघत राहिले.

"हे मात्र खोटं नाही," ते म्हणाले.

मग सांगायला लागले. एका उन्हाळ्यात वाळवणाची सगळी यंत्रं एकदम बंद पडली, तेव्हा त्यांनी चारशे चादरी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. काम संपल्यावर बाकीचे खाली गेले, आणि हे उगाचच त्या रांगांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. पाऊण तास. मुकादमाने शोधून काढून झापलं. आईलासुद्धा हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात होतं काय?

तिने त्यातलं काही लिहून घेतलं नाही. लेखाच्या उपयोगाचं नव्हतं. दोन दिवसांत मजकूर द्यायचा होता, म्हणून तिने विचारलं, ते राहू दे बाबा, गेम घ्यावा की नाही ते सांगा.

"शेवट बघितल्याशिवाय कसं सांगू? उद्या बघू."

कंट्रोलरची वायर ते नेहमी चार बोटांवर गुंडाळून ठेवायचे, एकसारखे वेटोळे. ती गुंडाळताना त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या त्या लेखात माझं कधी काही येतं का गं?"

ती वहीतून वर न बघता म्हणाली, "तुमचं काय यायचंय त्यात, बाबा?"

"तेही खरंच," ते हसले. "मी आपला वेळ घालवायला बसतो." आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले. परत येताना दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून जिन्यात टेकले, ते टेकलेच. शेजारच्या बाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा पिशवी नीट मांडीवर होती आणि दुधाला धक्काही लागलेला नव्हता.

आत्या दुपारी पोचली ती सामान घेऊनच. बाबांची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना सांभाळलं, आणि भाचीला दिवसातून दोनदा बोल लावले. एवढी कपाटं भरून पुस्तकं वाचलीस, आणि भेटायला आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायची मारामार. रडत तरी जा. नाहीतर भांड माझ्याशी, पण अशी खांबासारखी बसू नकोस. ती ऐकून घ्यायची. भेटायला आलेल्यांना पाणी द्यायची, बाबांचं वय सांगायची, किती वाजता गेले ते सांगायची. त्याच्यापुढे तिच्याजवळ काही नव्हतं.

साप्ताहिकाची संपादक वयाने लहान होती, तिला ताई म्हणायची. तिने दोन आठवडे सदर बंद ठेवलं आणि एका शब्दाने विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र निरोप आला, की जमत असेल तर बघा. मोठ्या कंपन्यांच्या गेमना जाहिराती असतात, ह्या मोज्यावाल्या दोघांना कोण विचारतं? आपण लिहिलं नाही तर बिचाऱ्यांचा गेम मुका मरेल. तिला ते पटलं. अडचण एवढीच की वहीत त्या गेमवर साडेतीन पानं होती आणि मत नव्हतं.

एका दुपारी आत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, मोबाइल हातभर लांब धरलेला. भाचीचे जुने लेख कुणीतरी तिला शोधून दिले होते. म्हणाली, सहा वर्षं लिहितेस आणि आम्ही एक ओळ वाचली नाही, आम्हीही धन्यच. आणि मोठ्याने वाचायला लागली, गेमबिम काही कळत नसताना. हमालाच्या वाक्याला हसली. मेहुण्याच्या वाक्याला तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

"हे आमच्या ह्यांच्यावरून," ती डोळे पुसत म्हणाली. "दादाचंच हे. ह्यांच्याबद्दल अगदी अस्संच म्हणायचा."

पुढचा लेख वाचला, त्याच्या पुढचा वाचला. हसू हळूहळू कमी होत गेलं. एका ठिकाणी ती थांबली आणि चष्मा काढला. म्हणाली, हा आमचा दादा बोलतोय गं. अख्खा बसलाय इथे. मग लेखाच्या शेवटी गेली, पुन्हा वर आली, आणि अगदी साध्या मनाने विचारलं, "त्याचं नाव कुठे घालतेस?"

ती म्हणाली, सदरात तसं नसतं, आत्या.

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं." आत्याने चष्मा पुन्हा लावला. "फोनवर मला म्हणायचा, पोरगी मला रोज खेळायला बसवते. तिला कामं थोडी आहेत का? पण माझ्यासाठी वेळ काढते. उपकार समजायचा बघ तुझे."

ते ऐकून ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. खिडकीच्या कडेला हात टेकून खालच्या गाड्यांकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की आपण त्या मोजतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गेम लावला. वाळवणाच्या खोलीत तो जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. आजवर तिने बाबांना नुसतं खेळताना पाहिलं होतं. हातात घेतल्यावर कळलं, उडीचं बटण किंचित उशिरा लागतं. म्हणजे त्यांच्या कितीतरी चुका त्यांच्या नव्हत्या. शेवटाला दोन तास लागले. जोडीदार सापडला एका खिडकीच्या कठड्यावर: कुणीतरी त्याला फाडून काच पुसायचं फडकं केलं होतं. मोजा त्याच्याशेजारी जायचा आणि खिडकीतला वारा त्याला उडवून खाली टाकायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. वीसेक वेळा असं झाल्यावर तिला उमजलं. कोरडं राहून तिथे टिकता येत नाही. खाली जाऊन पुरतं भिजायचं, ते ओझं घेऊन सावकाश भिंत चढायची, मग वारा काही करू शकत नाही. जड मोजा फडक्याशेजारी जाऊन बसला. संगीत थांबलं. पडद्यावर काहीच आलं नाही, शाबासकीसुद्धा नाही. आपण उठू तेव्हाच खेळ संपला म्हणायचं.

मग ती लिहायला बसली. बाबा काय म्हणाले असते, याचा विचार करून एक वाक्य लिहिलं. नाटकातल्या खोट्या मिशीसारखं दिसत होतं ते. खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात चादरी आणल्या, गच्ची आणली, मुकादम आणला, आणि तेही खोडलं. माणूस जाऊन महिना झाला नाही, आणि ती अजून त्याच्या खिशात हात घालत होती. सहा वर्षांच्या सगळ्या वह्या टेबलावर होत्या. त्यात न वापरलेली वाक्यंही होती, मोजली तर वर्षभर पुरली असती. त्यातलं एखादं फिरवून घेतलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, असं तिच्या मनात आलं, आणि मनातल्या त्या शब्दांवर ती स्वतःच थबकली.

तेवढ्यात संपादकाचा फोन आला. आवाज जपून वापरत होती. म्हणाली, ताई, घाई नाही, पण अंक लावायला घेतलाय. मोठा लेख नको. वाचक सारखे विचारतायत, मेहुणेवाल्या बाई कुठे गेल्या. तुमचं एखादं तसं वाक्य द्या आणि खाली शिक्का, बस्स.

"शिक्का ‘घ्या’," ती म्हणाली. "पहिले दोन तास रटाळ आहेत. उडीचं बटण उशिरा लागतं. तरी शेवटासाठी घ्यावा. हे माझं मत आहे, म्हणून इतकं सपक आहे."

संपादक म्हणाली, दमलाय तुम्ही. आज राहू दे, वाक्य उद्या सुचेल.

"नाही सुचणार. ती वाक्यं माझी नव्हती. मेहुण्याचं, हमालाचं, सगळी. बाबा खेळायचे आणि मी लिहून घ्यायचे."

मग संपादक हळूच म्हणाली, की असू दे ताई, घरातलंच आहे. वडिलांनी कधी काही म्हटलं असतं का? आणि आता हे सांगून तुमचंच नाव जाईल.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आत्या हातातलं फडकं तसंच घेऊन दारात येऊन उभी होती. आत्याला बघूनही ती बोलायची थांबली नाही.

"त्यांना वाटायचं, त्यांचा वेळ जावा म्हणून मी त्यांना बसवते. मीच तसं सांगितलं होतं, आणि नंतर कधी बदललं नाही. त्यांनी विचारलं तेव्हासुद्धा नाही. ते वेळ घालवत नव्हते. ते काम करत होते, सहा वर्षं, रोज. आणि ते काम मला येत नाही."