ताईचे बूट

डुकरं पाळणाऱ्याला आधी काय शिकवतात? खाणं घालणं नाही, मादीचा माज ओळखणं नाही. आधी बूट. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं, शेजारी आतले बूट. पाय बुडवायचे, बूट बदलायचे, मगच आत. हे मला ताईने शिकवलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी माझं नाक तिनेच पुसलं आणि मोठेपणी धंद्यालाही तिनेच लावलं.

"मादीच्या पाठीवर दाब दे," ती सांगायची. "पळाली तर अजून वेळ आहे. खांबासारखी उभी राहिली तर नराला बोलाव." मग स्वतःच हसायची, "माणसांचं मात्र उलटं असतं बाई."

माझी सुरुवात म्हणजे सगळा आनंदीआनंद. पहिल्या वर्षी निम्मी पिल्लं आईच्या अंगाखाली चेंगरली, दुसऱ्या वर्षी गारठ्याने गेली. नवरा म्हणाला, "शेळ्या पाळू." पण मी हट्टाला पेटले. पिल्लं चेंगरू नयेत म्हणून भिंतीलगत दांडे बसवले, पिल्लांसाठी गरम दिवे लावले. प्रत्येक पिढीतली शांत, भरपूर दुधाची मादी तेवढी ठेवत गेले. सात वर्षांनी त्यातून आत्याबाई निघाली. नाव नवऱ्याने ठेवलं, त्याच्या आत्याच्या चालीवरून. आत्याला अजून पत्ता नाही.

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. डुकरीण एवढे दिवस गाभण असते आणि आत्याबाई अगदी मोजून तेवढ्याच दिवसांनी, भर दुपारी व्यायली. चौदा पिल्लं! सडही चौदाच. एकही दगावलं नाही. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून तीन बारक्यांना मी तिथे लावलं आणि दोन दिवसांत ज्याची त्याची जागा ठरून गेली. दिव्याशेजारी बसून मी पोटभर रडले. इतकं सुख मला झेपत नव्हतं.

चौथ्या दिवशी ताई आली. तिच्या शेडमधून तशीच, घाईघाईने. दारात थांबली.

"बूट बदलू का ग?"

जिने मला बुटात पाय घालायला शिकवलं, तिला मी दारात अडवू? 

"तू काय परकी आहेस? ये आत."

"अग, नियम म्हणजे नियम."

"नियम लोकांना," म्हणत मी तिला हाताला धरून ओढलं. ताई गवतात बसली, सगळ्यात बारकं पिल्लू तिने मांडीवर घेतलं. "माझ्या पुढे गेलीस ग तू," म्हणाली. हे ऐकायला मी किती वर्षं तहानले होते!

पाच दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या तीन माद्या तापाने मेल्या होत्या. त्यानंतर दोनच दिवसांनी आत्याबाईने खाणं सोडलं. कान निळे पडले. या तापाला औषध नाही आणि तो बुटाला लागूनही येतो. एकाला झाला की शेडमधली सगळी मारायची, असा कायदा आहे. डॉक्टर पांढरे कपडे घातलेली माणसं घेऊन आले. एकेचाळीस जनावरं होती. आत्याबाई उठू शकत नव्हती, पण पिल्लं आपापल्या सडाला लागलेली होती, बारकी तीन पुढेच. मला बाहेर काढलं. कान झाकून घेतले तरी सगळं ऐकू आलं.

"बाहेरून कोण आलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिची बहीण," नवरा म्हणाला. "उभा जन्म डुकरांत गेला, बूट बदलायची अक्कल नाही!"

 त्याने ताईला फोन लावून तेच सुनावलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. फोनमधून तिचा आवाज आला, "चुकलं माझं." बाकी एक अक्षर नाही. पन्नाशी उलटली तरी ती माझं नाक पुसतच होती आणि मी पुसू देत होते. माझी मला किळस आली, पण तोंड काही उघडलं नाही.

दोन महिन्यांनी ताई आली. आता तिचीही शेड रिकामीच होती. आमची चुन्याने पांढरीफटक. नवरा पायरीवर बसला होता, त्याने मान फिरवली. ताई दारात थांबली. घमेलं कोरडं पडलेलं पाहून नळाखाली भरून आणलं, कोपऱ्यातल्या बाटलीतलं औषध त्यात ओतलं, पाय बुडवले.

"ताई, आत काही उरलं नाही ग."

"असू दे." तिने पिशवीतून नवे बूट काढले, दुकानाची चिठ्ठीही निघाली नव्हती. "बदलू का ग?"

तोच प्रश्न, त्याच आवाजात. 

"तिने त्या दिवशीही विचारलं होतं," मी नवऱ्याला म्हणाले. "मीच नको म्हणाले. ओढत आत नेलं तिला."

 ताईने मान वर केली नाही. चौकटीला धरून ती दुसरा बूट घालत होती.